डबा उघडण्याआधी

लष्करी डबा उघडण्याआधी वाचायचा असतो. सोव्हिएत संघराज्यात रायफलची काडतुसे पत्र्याच्या हवाबंद डब्यांत भरून ठेवत. हिरवा रंग दिलेल्या या डब्यांना किल्ली नाही की कडी नाही. शीतयुद्ध संपल्यावर शिल्लक लष्करी माल म्हणून ते बाहेर आले आणि अमेरिकेच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर विकले गेले. तिथल्या हौशी मंडळींनी त्यांना 'स्पॅम कॅन' हे नाव दिले. स्पॅम म्हणजे तिकडचे डबाबंद मांस. मी रशियन लिपी शिकलो ती टॉल्स्टॉय वाचण्यासाठी नव्हे, या डब्यांवरचा मजकूर वाचण्यासाठी. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माझा अभ्यास चालतो तो डब्यांच्या छायाचित्रांवर आणि संग्राहकांनी केलेल्या सूच्यांवर.

उदाहरणासाठी ७.६२ बाय ५४ मिलिमीटरच्या काडतुसाचा डबा घेऊ. हे काडतूस १८९१ साली मोसिन रायफलबरोबर रशियन सैन्यात आले आणि आजही वापरात आहे. भारतीय सेनेच्या द्रागुनोव्ह रायफलीतही हेच चालते. साध्या गोळीच्या एका डब्यात ४४० काडतुसे असतात. वीस-वीसच्या कागदी पुड्या, अशा बावीस. दोन डब्यांची एक लाकडी पेटी.

डब्यावर आधी काडतुसाचे माप, मग गोळीचा प्रकार आणि मग दोन बारीक अक्षरे. त्यांतले पहिले 'ग', म्हणजे गिल्झा, अर्थात पुंगळी. दुसरे अक्षर धातू सांगते: 'ल' असेल तर पितळ, 'झ' असेल तर तांब्याच्या मिश्रधातूचा मुलामा दिलेले पोलाद, 'स' असेल तर लाखेचा थर दिलेले पोलाद. त्याखाली लॉट क्रमांक, वर्ष आणि कारखान्याचा आकडा. मग दारूचा प्रकार आणि तिचाही लॉट. रंगाचा पट्टा असेल तर तोही बोलतो. हिरवा पट्टा म्हणजे जाताना प्रकाशाची रेघ सोडणारी गोळी. काळा आणि लाल म्हणजे चिलखत भेदून आग लावणारी.

डबा उघडायचे हत्यारही पेटीतच मिळते. आपल्या घरातल्या डबा फोडायच्या जुन्या कातरीचाच तो दणकट भाऊ. त्याचे टोक पत्र्यात रोवायचे, दांडा दाबायचा, थोडे पुढे सरकवायचे, पुन्हा दाबायचे. कापलेली कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून जाणकार हातमोजे घालतात. त्याआधी डब्याला गंज, भोक किंवा सांध्यात फट आहे का ते पाहतात. या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. बार उडाल्यावर त्याचे क्षार नळीत उरतात, हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. म्हणून गोळीबारानंतर नळी आधी पाण्याने धुवायची आणि मगच तेल द्यायचे. कोकणात घर असलेल्याला खारी हवा लोखंडाचे काय करते हे वेगळे सांगायला नको.

इतके तंत्र झाले. मला धरून ठेवले ते कारखान्याच्या आकड्याने. १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क, १७ म्हणजे बार्नाऊल, ६० म्हणजे फ्रुंझे, अशी यादी सगळीकडे सापडते. पण १९३८ सालच्या काडतुसावरचा ६० फ्रुंझेचा नाही. तेव्हा तो आकडा लुगान्स्कचा होता. १९४१ साली जर्मन फौजा पुढे सरकू लागल्या तेव्हा सोव्हिएत सरकारने कारखानेच्या कारखाने उचलून आगगाड्यांत भरले आणि पूर्वेकडे पाठवले. लुगान्स्कचा कारखाना मध्य आशियात फ्रुंझेला गेला, मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कचा सायबेरियात बार्नाऊलला. यंत्रे गेली, माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर आकडाही गेला. लुगान्स्कला पुन्हा काडतुसे बनू लागली तेव्हा तिथला आकडा होता २७०. आज लुगान्स्क युद्धात होरपळले आहे आणि फ्रुंझे बिश्केक या नावाने किर्गिझस्तानची राजधानी आहे. वर्ष न पाहता नुसता ६० वाचणारा माणूस अडीच हजार किलोमीटरहून जास्त चुकतो. त्यात १९५२ ते १९५६ या पाच वर्षांत काडतुसाच्या बुडावर सालाचे आकडे नसून एकेक अक्षर असे. गुपित राखण्याची सवय इतक्या बारीक ठिकाणीही होती.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या .३०३ काडतुसाच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे येतात, म्हणजे किर्की फॅक्टरी. इंग्रजी राज्यातल्या कारखान्याने आपले गाव उघडपणे ठोकले, सोव्हिएत कारखान्याने ते आकड्यामागे झाकले. दोन्हीकडे बनवणाऱ्या हातांचे नाव मात्र कुठेच नाही.

डबा फोडला की एक गोष्ट तुटते. लॉट क्रमांक काडतुसावर नसतो. तिथे फक्त कारखाना आणि वर्ष. पुड्या सुटल्या, मूठमूठ वाटल्या गेल्या, की माल कोणत्या खेपेतला हे काडतुसावरून सांगता येत नाही. २०१४ साली 'कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च' या संस्थेने इराक आणि सीरियात इस्लामिक स्टेटकडची सतराशेहून अधिक काडतुसे तपासली. ती एकवीस देशांत, १९४५ ते २०१४ या काळात बनलेली निघाली. ती कोणी बनवली हे बुडावरच्या ठशांनी सांगितले. ती कोणी कोणाला विकली हे ठसा सांगत नाही. तो माग लॉटवरून काढायचा असतो, आणि लॉट राहतो फेकलेल्या डब्यावर. शस्त्रांच्या व्यापारात ज्याला जबाबदारी नको असते त्याच्या पथ्यावर हेच पडते.

म्हणून परवानाधारक संग्राहकांना माझे सांगणे असते की आधी डब्याच्या चारही बाजूंचे छायाचित्र काढा आणि कापलेले झाकण भंगारात देऊ नका. अमेरिकेने २०२१ साली रशियन काडतुसांच्या आयातीवर बंदी घातल्यापासून न उघडलेले डबे तिथे कमी होत चालले आहेत. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा शेतात असा डबा सापडला तर नियम सोपा आहे. हात लावू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा. वरचा मजकूर लांबून दिसत असेल तर तेवढा लिहून घ्या, आणि तो कागद पोलिसांच्या हाती द्या.