बिनचुलीची डाळ

चूल न पेटवता स्वयंपाक करण्याचं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे मुक्ताबाईंचे मांडे. पण त्या आख्यायिकेतल्यासारखी पाठ तापवून देणारा भाऊ प्रत्येकीला कुठून मिळणार? माझी पाठ मार्चअखेरीच्या क्लोजिंगला दुखते, तापत नाही. तापतं ते डोकं. तेव्हा तुम्हा-आम्हा सामान्यांनी कैरीच्या डाळीकडे वळावं, हे बरं.

कृती सोपी. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, भरड वाटायची आणि किसलेली कैरी, ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, हिंग घालून कालवायची. वरून फोडणी हवी तर द्यावी. नाही दिली म्हणून डाळ संपावर जात नाही. आमचे चिरंजीव ‘प्रोटीन, प्रोटीन’ करीत डब्यातली महागडी पावडर ढवळत असतात. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे त्यांना सांगून पाहिलं. पण डाळीच्या डब्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र नसतं ना!

मी पडलो बँकेतला कारकून. सवयीनं त्या वाटीचा ताळेबंद मांडला, तर ‘अस्सल आपल्या’ पदार्थात बरीच खाती परदेशी निघाली. हरभरा मूळचा आग्नेय तुर्कस्तानाकडचा. अर्थात सिंधू संस्कृतीच्या उत्खननातही तो सापडतो. इतक्या जुन्या ठेवीदाराला परका कोण म्हणणार? मिरची अमेरिकेची. वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती इकडे आली. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे मुक्ताबाईंनी मांड्यांबरोबर मिरचीचा ठेचा वाढला नव्हता, हे नक्की! तोवर तिखटाचं खातं मिरीकडे होतं. नव्या बाईनं नावसुद्धा तिच्यावरूनच उचललं. हिंग इराण-अफगाणिस्तानचा. त्याच्या लागवडीचा प्रयोग हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला, तो थेट २०२० साली. कैरी तेवढी आपली, तीही ईशान्येकडची.

एवढी सगळी खाती सापडली, पण वाटणाऱ्या हाताचं खातं कुठंच नाही.

आमच्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाची डाळ आत्या वाटायची. पहाटेपासून पाट्यावर बसायची. पण ती विधवा. दुपारी बायका यायला लागल्या, की स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसायची. बाहेरून आवाज यायचे, “वहिनी, डाळ काय झक्क झालीय हो!” आई म्हणायची, “आमच्या वन्संनी केलीय.” जमेच्या बाजूला तेवढीच एक नोंद. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा; पण स्वतः वाटलेली डाळ स्वतः दाराबाहेर नेऊन वाढण्याचा कायदा काही त्यात नव्हता. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याची बातमी मी दोनदा वाचली. आत्या तोवर गेली होती.

आता मिक्सरवर डाळ तीन मिनिटांत होते. बायको पहिली वाटी शेजारच्या काकूंना देते. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली. कुंकू लावून घ्यायचं की नाही, ते त्या त्या दिवशी ठरवतात. डाळ मात्र दर वर्षी दोन वाट्या घेतात आणि कैरी जरा कमी पडली म्हणून सांगतात.