गोमतीकाठचा लोखंडी पूल

सुवर्णमहोत्सवानिमित्त या नगरीच्या इतिहासाचे स्मरण करताना एका पुलाची हकिकत आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटते. लखनौपासून समुद्र शेकडो कोस दूर. तथापि नवाब सआदत अली खान यांनी गोमतीसाठी लोखंडी पूल मागविला, तो थेट विलायतेहून. आराखडा जॉन रेनी या नामवंत स्थापत्यविशारदाचा होता.

या मालाच्या प्रवासाची आज कल्पना करणेही कठीण आहे. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये. आपल्या अभिमानाची बोरीबंदर–ठाणे आगगाडी धावली १८५३ मध्ये, आणि लखनौस रूळ पोहोचले ते १८६७ मध्ये. पुलाच्या वेळी यांतले काहीच नव्हते. विलायतेची जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कित्येक महिन्यांनी कलकत्त्यास लागत. तेथून अवजड माल देशी नावांनी गंगेतून वर येई. उन्हाळ्यात नावा वाळूत रुतत. वारा पडला की नावाडी काठाने चालत त्या दोरांनी ओढीत. त्यातून हे लोखंड ओतीव, म्हणजे बीड. ते तडकले तर सांधणे दुरापास्त.

एवढे करून पूल १८१६ च्या सुमारास पोहोचला. पण सआदत अली खान १८१४ मध्येच निवर्तले होते. पुत्र गाजीउद्दीन हैदर यांनी तो उभारला नाही. नातू नसीरुद्दीन हैदर यांनी रेसिडेन्सीसमोर काम काढले. खांबांसाठी विहिरी उतरविल्या, परंतु यश आले नाही. अखेर अमजद अली शाह यांच्या कारकीर्दीत (१८४२–४७) पूल उभा राहिला. सआदत अलींपासून ते पाचवे सत्ताधीश! सागर ओलांडून आलेले लोखंड सुमारे पाव शतक नदीकाठी पडून होते.

पुढे १८५७–५८ च्या संग्रामात याच पुलासाठी रणकंदन झाले. मार्च १८५८ मध्ये औट्रमच्या फौजा गोमतीच्या उत्तर तीराने त्याच्यापर्यंत येऊन भिडल्या.

माल पोहोचणे निराळे, तो उभा राहणे निराळे. पहिल्यास द्रव्य आणि धाडस पुरते; दुसऱ्यास येथील मातीची पारख आणि पिढ्यांचे सातत्य लागते. आपल्या वाडवडिलांनीही भाषा, सण, संस्कार दुरून येथवर आणले. ते काठावर पडून राहू नयेत, हेच मंडळाचे पन्नास वर्षांचे कार्य. पुढील पिढीच्या हाती आम्ही तेच सोपवीत आहोत.