जखम मोजली, हात कोण मोजणार?



'संशोधन' म्हटलं की आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते तोंड फिरवतात. ते पीएचडीवाल्यांचं काम, आपलं काम मोर्चा. असं म्हणताना आपण विसरतो की आपला बाप मोर्चाआधी ग्रंथालयात बसला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. महाडचं तळं अजून अकरा वर्षं पुढं होतं. आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेचं निवेदन गेलं, तेही नुसतं गाऱ्हाणं नव्हतं. मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचे आकडे त्यात मांडले होते.

तेव्हा संशोधन हवं की नको, हा वादच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. संशोधन कायद्याच्या दारात उभं राहतं तेव्हा तपासणीच्या टेबलावर कोणाला झोपवतं? मार खाणाऱ्याला, की मारणाऱ्याला? हे समजायला अमेरिकेतला एक खटला बघावा लागतो. १९७२ साली पँथरनं नाव तिथल्या काळ्यांच्या चळवळीवरून घेतलं. नाव घेतलं, तसा त्यांचा अनुभवही घेऊ.

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे काळं जोडपं. दोघंही आधी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात शिकले, मग कोलंबियात. बाबासाहेब शिकले तेच कोलंबिया. केनेथना १९४० मध्ये मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळाली, मेमींना १९४३ मध्ये. पण कामाचं बी होतं मेमींच्या एमएच्या प्रबंधात: काळ्या पोराला आपण काळे आहोत हे कधी कळतं, आणि कळल्यावर त्याचं काय होतं?

त्यांनी चार बाहुल्या घेतल्या. घडण एक, रंग वेगळा. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांना विचारलं: खेळायला कुठली आवडेल? छान कुठली? वाईट दिसते ती कुठली? आणि शेवटी, तुझ्यासारखी कुठली? दर तीन मुलांतल्या दोघांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुलीला वाईट म्हटलं. आणि मग 'तुझ्यासारखी कुठली' विचारल्यावर काही पोरं रडत खोलीबाहेर पळाली. आत्ताच जिला वाईट म्हटलं तिच्याकडंच बोट करायचं होतं ना! १९४७ साली हे छापून आलं.

आता हे कागदावर राहिलं असतं तर दोन प्राध्यापकांची बढती झाली असती, बाकी काही नाही. ते कोर्टात गेलं ते साउथ कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन परगण्याच्या माणसांमुळं. तिथं सरकार शाळेत गोऱ्या मुलामागं वर्षाला १७९ डॉलर खर्च करी, काळ्या मुलामागं ४३. गोऱ्या पोरांना तीस बसगाड्या, काळ्यांना एकही नाही. पोरं मैलोनमैल चालत. आईबापांनी आधी फक्त एक बस मागितली होती. ती मिळाली नाही, तेव्हा त्यांनी शाळांची भिंतच पाडा म्हणून दावा लावला. दाव्यावर पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज याचं. तो पेट्रोल पंपावर कामाला, बायको मोटेलात साफसफाईला. दोघांचीही नोकरी गेली. लोकांना संघटित करणारे पाद्री जोसेफ डिलेन यांचं घर १९५१ मध्ये जळालं. आगीचे बंब आले आणि उभे राहून बघत राहिले.

हे मी मुद्दाम सांगतोय. पुस्तकात बाहुल्या येतात, ब्रिग्जची गेलेली नोकरी येत नाही.

१९५१ साली वकील थर्गूड मार्शल यांच्या बाजूनं केनेथ क्लार्क त्या परगण्यात बाहुल्या घेऊन गेले. सोळा मुलं तपासली. अकरांनी तपकिरी बाहुलीला वाईट म्हटलं. खालच्या कोर्टात दोन विरुद्ध एक अशा मतानं आपली माणसं हरली. चार राज्यांतले असे खटले एकत्र होऊन सुप्रीम कोर्टात गेले. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला की वेगळ्या शाळा म्हणजेच असमान शाळा. 'वेगळं पण समान' हे १८९६ पासूनचं थोतांड शाळांपुरतं संपलं. निकालाच्या अकराव्या तळटीपेत संशोधनाची यादी आहे. पहिलं नाव के. बी. क्लार्क. मेमींचं नाव त्यात नाही. बाईनं पेरलं, ते पुरुषाच्या नावावर लागलं. हे आपल्या चळवळीतल्या भावांनीही ध्यानात घ्यावं.

विजय मोठाच. पण आता भोकं बघा.

एक. राज्याचा वकील जॉन डेव्हिस यानं कोर्टात क्लार्क यांचेच आकडे वाचून दाखवले. उत्तरेत गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र शाळेतली काळी पोरं गोरी बाहुली जास्तच मागत होती. उत्तरेत ७२ टक्के, दक्षिणेत ६२. मग दोष वेगळ्या शाळेचा कसा, हा त्याचा सवाल. उत्तर साधं आहे. पोराला कमीपणा एकटी शाळा शिकवत नाही. रस्ता, दुकान, नोकरी, सारा देश शिकवतो. पण कोर्टापुढं फक्त शाळा होती.

दोन. वर्णवर्चस्वानं गोऱ्या मुलांचंही मन सडतं, हेही क्लार्क सांगत होते. कोर्टानं ते घेतलं नाही, याची तक्रार पुढं खुद्द क्लार्क यांनी केली. कोर्टाला काळ्या पोराचं रडणं दिसलं. रडवणारा तपासला गेला नाही. म्हणून निकाल वाचताना वाटतं की आजारी काळे आहेत आणि गोऱ्यांशेजारी बसवणं हे औषध.

तीन. न तपासलेला हात मोकळा राहिला. १९५५ च्या पुढच्या हुकुमात कोर्टानं तारीखच घातली नाही. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यानं १९५९ मध्ये सरकारी शाळांना कुलूपच लावलं. गोऱ्यांनी खाजगी शाळा काढली. सरकारी शाळा १९६४ पर्यंत बंद.

हाच फासा आपल्याकडं उलटा टाकला तो सुखदेव थोरातांनी. औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात शिकलेला आपला माणूस. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतले पॉल अॅटवेल त्यांच्या जोडीला. क्लार्क ज्या सिटी कॉलेजात शिकवत ते याच युनिव्हर्सिटीतलं. २००७ साली छापलेल्या या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले होते. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त आडनाव वेगळं. उच्चवर्णीय आडनावाला बोलावणं येण्याचं प्रमाण १ धरलं तर दलित आडनावाला ०.६७ आणि मुसलमान नावाला ०.३३. इथं एकाही दलित पोराला 'तुला कमीपणा वाटतो का' असं विचारलं नाही. टेबलावर मालक होता. 'आम्ही जात बघत नाही, मेरिट बघतो' म्हणणारा मालक. खाजगी नोकऱ्यांत आपल्यासाठी आरक्षणाचा केंद्रीय कायदा तरीही झालेला नाही. आकडा आहे, पण त्यामागं क्लॅरेंडनसारखे दावेदार उभे राहायला हवेत.

आमच्या वस्तीत फॉर्म घेऊन येणारी पोरंपोरी मी पुष्कळ पाहिली. घरात संडास आहे का, बाप दारू पितो का, शाळा का सोडली. सगळे प्रश्न आमच्याकडं बोट करणारे. शाळा का सोडली हे पोराला विचारतात. त्याला मागच्या बाकावर बसवणाऱ्या मास्तरला फॉर्म कोणी देत नाही. फॉर्म भरून घेऊन माणसं गेली की पुन्हा तोंड दाखवत नाहीत.

म्हणून सांगतो, फॉर्मवाल्याला हाकलू नका. चहा पाजा आणि तीन गोष्टी विचारा. हा प्रश्न कोणी ठरवला? वरच्या आळीतही हाच फॉर्म नेणार का? अहवाल मराठीत वस्तीला कधी मिळणार? उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

आणि तुमच्यातले जे विद्यापीठात पोचलेत त्यांनी विषय निवडताना वस्तीत बसून निवडावा. 'दलितांच्या समस्या' हा विषय पुरे झाला. भाड्यानं खोली नाकारणारा घरमालक, तोंडी परीक्षेत आडनाव विचारणारा परीक्षक, शिष्यवृत्तीची फाइल दाबणारा बाबू, यांच्यावर प्रबंध लिहा. तारखेनिशी, आकड्यानिशी लिहा. दावा लावायला कोण तयार आहे, ते आम्ही वस्तीत बघतो.

जय भीम.