परतीच्या भाड्याचा करार

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाला तेथील लोक मोठ्या हौसेने एक बाकडे दाखवितात. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली आणि सीमारेषा नेमकी फलाटावरून गेली. आम्हीही त्या बाकड्यावर बसलो आहोत. गंमत वाटते खरी. पण समोरच्या सुरत–धुळे महामार्गावरून दिवाळीनंतर माणसांनी भरलेले ट्रक गुजरातच्या दिशेने जाताना पाहिले की त्या गमतीचा रंग उतरतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबे बारडोलीच्या परिसरात ऊसतोडीला, सुरतेत इमारतींच्या बांधकामावर, वीटभट्ट्यांवर जात असतात. त्यांची गाडी सीमा ओलांडते तेव्हा कागदावर काय उमटते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

नवापूर आणि नंदुरबारवरून जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग सुरतेपासून अमळनेरपर्यंत १९०० साली पूर्ण झाला. नंदुरबार जिल्हा त्या वेळी नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तेव्हा हा सारा मुलूख एकसंध खानदेश जिल्ह्यात होता, आणि पलीकडचे सोनगड, व्यारा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात. याच चार-पाच वर्षांत अरबी समुद्राच्या पैलतीरी, मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे, दुसरा एक लोहमार्ग टाकला जात होता. त्याला युगांडा रेल्वे म्हणत. १८९६ मध्ये काम सुरू झाले, मे १८९९ मध्ये रूळ नैरोबीच्या दलदलीपर्यंत आले, आणि डिसेंबर १९०१ मध्ये सरोवराच्या काठी टेकले. लांबी सुमारे ५८० मैल. दोन्ही मार्ग इंग्रज अमदानीतले. दोन्हींकडे माती उपसणारे, खडी फोडणारे, स्लीपर वाहणारे हात गरिबांचे. मात्र एका ठिकाणच्या मजुराच्या नावे करारपत्र होते आणि दुसऱ्या ठिकाणच्या मजुराच्या नावे नव्हते.

हे करारपत्र कोठून आले, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर नेण्यास आरंभ झाला. कोकणातील कितीतरी मराठी माणसे मुंबई बंदरातून याच वाटेने गेली आणि आजही त्यांचे वंशज तेथे मराठी नावे लावतात. मजुरांच्या फसवणुकीच्या कहाण्या लवकरच कानांवर आल्या. १८३७ च्या कायद्याने अधिकाऱ्यासमोर करार दाखविणे सक्तीचे केले, १८३९ मध्ये मजूर पाठविणेच बंद झाले आणि १८४२ मध्ये देखरेखीच्या अटींवर ते पुन्हा खुले झाले. या साऱ्या घोळात एक कलम वारंवार पुढे येते, ते म्हणजे परतीच्या प्रवासाचे. जहाजाचे परतीचे भाडे कोणी द्यायचे? मळेवाल्यांना ते नको होते. माणूस परत गेला तर नवा आणावा लागतो. मॉरिशसमध्ये १८५० च्या दशकाच्या आरंभी नव्या मजुरांचा फुकट परतीचा हक्क काढून घेण्यात आला. त्यानंतर किती जणांची नाळ गावाशी कायमची तुटली, हे सांगायला नको.

युगांडा रेल्वेच्या वेळी मात्र हिंदुस्थान सरकारने हा हक्क सोडला नाही. १८८३ चा देशांतर कायदा १८९६ मध्ये दुरुस्त करून पूर्व आफ्रिकेची वाट उघडण्यात आली. करार तीन वर्षांचा, साध्या मजुराला दरमहा किमान १५ रुपये, वर शिधा आणि औषधपाणी. जाण्याचे भाडे मालकाचे आणि मुदत संपल्यावर येण्याचेही भाडे मालकाचेच. ज्याला तेथेच राहायचे असेल त्याला तशी मुभा. भरती मुख्यतः पंजाबात झाली, कराचीचे व्यापारी ए. एम. जीवनजी यांनी मजूर आणि माल पुरविण्याचे मोठे काम घेतले, आणि मध्यंतरी प्लेगमुळे जहाजे थांबली तेव्हा कामही रखडले. मालकाच्या खर्चाने, मालकाच्या नावाने, ठरलेल्या मुदतीसाठी परदेशी जाऊन बांधकाम करायचे, ही आज आपल्या ओळखीची झालेली पद्धत तेव्हा पूर्णपणे आकाराला आली होती. मजूर एकाच मालकाला बांधलेला असे, आणि तो दोषही तेव्हापासूनचाच.

या कराराचे आम्ही कौतुक करीत आहोत, असे कोणी समजू नये. एकंदर ३१,९८३ माणसे करारावर गेली. त्यांपैकी १६,३१२ परतली, ६,४५४ आजारी वा अपंग होऊन परत पाठविली गेली, ६,७२४ तेथेच राहिली आणि २,४९३ मरण पावली. मलेरिया, आमांश, पायांतील जखमा, अपघात यांनी माणसे गेली. सिंहांनी मारलेल्यांची गोष्ट तर जगभर गाजली. १८९८ मध्ये त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन सिंहांनी महिनोन् महिने छावणीत धुमाकूळ घातला. पुलाचे अभियंते पॅटर्सन यांनी पुढे १९०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यात ते सांगतात की या सिंहांनी २८ हिंदी मजूर मारले. त्याच वाक्यात पुढे ते असेही नमूद करतात की याखेरीज कितीएक आफ्रिकी माणसे बळी पडली आणि त्यांची सरकारी नोंद ठेवली गेली नाही.

आम्ही या जोडवाक्यापाशी बराच वेळ थांबलो. हिंदी मजूर अठ्ठावीस आणि आफ्रिकी माणसे ‘कितीएक’. सिंहाने माणसा-माणसांत भेद केला नव्हता. भेद कागदाने केला. हिंदी मजुराला परत पोहोचविण्याची जबाबदारी लिहून दिलेली होती, म्हणून तो नाहीसा झाला तर हिशेब द्यावा लागे. कराराने त्याचा जीव वाचला नाही, पण त्याला मोजले गेले. आपल्याच भूमीवर राबणाऱ्या आफ्रिकी माणसाला परत पोहोचवायचे नव्हते. तो घरीच होता. मग त्याला कोण मोजणार?

जाता जाता येथे गोमंतकीयांचा उल्लेख केला पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत मोंबासा–नैरोबीची नावे आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली असतात. ते पोर्तुगीज प्रजाजन, करारी मजूर नव्हेत. कारकून, आचारी, शिंपी म्हणून ते आपल्या पायांनी गेले आणि रेल्वेच्या कचेऱ्यांत स्थिरावले. झेब्र्यावर बसून रुग्ण तपासायला जाणारे नैरोबीचे डॉ. रोझेंदो आयरिस रिबेरो त्यांतलेच. कराराच्या मजुराला मात्र झेब्रा नव्हता. असो.

आता परत तापीकाठी येऊ. इकडे रूळ पडत होते तेव्हाच १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ गुजरात आणि खानदेशावर कोसळला. संवत १९५६ चा म्हणून ‘छप्पनिया’ या नावाने तो आजही ओळखला जातो. भुकेल्या माणसाला काम हवे असते, कलमे नव्हेत. देशांतराचा कायदा समुद्र ओलांडणाऱ्यापुरता. डोंगर उतरून रुळांवर येणाऱ्या भिल्लाला तो लागू नव्हता. देशातल्या मजुरासाठी जो कायदा होता तो उलट्या तोंडाचा होता. १८५९ च्या तेराव्या कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला मालक न्यायाधीशापुढे खेचू शके, आणि त्याला तुरुंगही भोगावा लागे. आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांपुरता असलेला हा कायदा पुढे इतरत्रही लावण्यात आला. रद्द झाला तो १९२५ मध्ये. समुद्रापार जाणाऱ्याच्या कागदावर मालकाचे कर्तव्य लिहिलेले, घरच्या मजुराच्या कागदावर केवळ त्याचे कर्ज लिहिलेले. आगाऊ रक्कम ही अशी जुनी गोष्ट आहे. आज तिला उचल म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही वाटांवर कायदे झाले. परदेशी जाणाऱ्यासाठी १९८३ चा कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीला जायचे असेल तर पारपत्रावर देशांतर-परवानगी लागते. नोंदणीकृत भरती एजंट, मालकाचे मागणीपत्र, लेखी करार, १० लाख रुपयांचा विमा, एजंटचे शुल्क कर वगळता ३० हजारांच्या आत, असा सारा बंदोबस्त आहे. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन कामाला लागणारा या बंदोबस्ताबाहेर पडतो, आणि फसणाऱ्यांत असे अनेक असतात. परराज्यात जाणाऱ्यासाठीही १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला होता. तो आम्ही पुन्हा वाचला तेव्हा थक्क झालो. प्रत्येक कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यायचे, त्यात मजुरी लिहायची, विस्थापन भत्ता द्यायचा, जाण्याचे आणि येण्याचेही भाडे द्यायचे! मोंबासाच्या कराराचेच कलम शेवटी सातपुड्याच्या माणसाच्या वाट्याला आले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. तीत वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूद आहे, विस्थापन भत्ता गेला आहे, आणि पाचऐवजी दहा कामगारांपासून पुढे ती लागू होते.

दरम्यान आफ्रिकेतही चक्र फिरले. ज्या मोंबासाच्या धक्क्यावर पंजाबचे मजूर उतरले, त्या केनियाची आणि शेजारच्या युगांडाची तरुण पिढी आज करारावर आखातात जाते. युगांडाने अशा भरतीसाठी २००५ मध्ये नियम केले. कतारच्या क्रीडांगणांच्या बांधकामावर केनिया, युगांडा आणि घानाचे कामगार आपल्या तेलंगण-बिहारच्या कामगारांच्या खांद्याला खांदा लावून राबले. तेथेही व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी लागण्याची अट कतारने बहुतेक कामगारांपुरती २०१८ मध्ये आणि नोकरी बदलण्यासाठी त्याच्या ना-हरकतीची अट २०२० मध्ये काढली. त्सावोच्या वाक्यात ज्याला आकडा मिळाला नव्हता, त्याच्या नातवंडांना समुद्र ओलांडल्यावर करार मिळाला. घरी राबताना मिळाला नव्हता.

नवापूरच्या रस्त्याने जाणाऱ्या ऊसतोड मजुराची गणना आजही ‘कोयता’ या शब्दाने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन माणसे. सोबतची मुले त्यात धरत नाहीत. पासबुक नसते, मुकादमाची वही असते. तीत डाव्या बाजूला पावसाळ्यात घेतलेली उचल आणि उजव्या बाजूला तोडलेल्या उसाची टने. काठीच्या राजवाडी होळीसाठी, आपापल्या पाड्यावरच्या होळीसाठी माणसे जिवाच्या आकांताने घरी येऊ पाहतात. काहींची वही फिटलेली असते, काहींची नसते. नसेल तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामात, पुष्कळदा व्याजासह. येण्याचे भाडेही त्याच वहीत उचल म्हणून चढविले जाते. होळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या फलाटावर होतो. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, हातात फडक्यात गुंडाळलेला कोयता अशी एक बाई गाडीतून उतरली आणि बाकड्याच्या गुजरातकडच्या टोकाला घटकाभर टेकली. मग मुलाला घेऊन ती धडगावची गाडी कोठे लागते ते विचारीत बाहेर पडली.