केशव बळीराम हेडगेवार

डॉ. केशव बळीराम हेडगेवार (१ एप्रिल १८८९, नागपूर – २१ जून १९४०, नागपूर) हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक व पहिले सरसंघचालक होते. वैद्यकीय शिक्षण घेऊनही त्यांनी व्यवसाय केला नाही. ते आजन्म अविवाहित राहिले.

जन्म व शिक्षण

हेडगेवारांचा जन्म गुढीपाडव्याच्या दिवशी एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे तेलंगणातील कंदकुर्ती या गावचे होते. वडील बळीरामपंत व आई रेवतीबाई यांचा १९०२ मध्ये प्लेगच्या साथीत मृत्यू झाला. शालेय वयात ‘वंदे मातरम्’च्या घोषणेवरून त्यांना नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून काढण्यात आले. पुढे यवतमाळ व पुणे येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले. १९१० मध्ये डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्या साहाय्याने ते कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांचा अनुशीलन समितीच्या क्रांतिकारकांशी संबंध आला.

राजकीय कार्य

नागपुरास परतल्यावर ते टिळकपक्षीय राजकारणात व काँग्रेसच्या कार्यात सहभागी झाले. १९२० च्या नागपूर अधिवेशनात त्यांनी स्वयंसेवकांच्या व्यवस्थेत काम केले. असहकार चळवळीतील भाषणांबद्दल १९२१ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. खिलाफत चळवळीला काँग्रेसने दिलेला पाठिंबा त्यांना मान्य नव्हता. १९२३ चा नागपुरातील हिंदू-मुस्लिम तणाव आणि विनायक दामोदर सावरकरांचा ‘हिंदुत्व’ हा ग्रंथ यांचाही त्यांच्या विचारांवर परिणाम झाला. हिंदू समाजाचे असंघटितपण हेच पारतंत्र्याचे कारण होय, असे त्यांचे मत बनले.

संघाची स्थापना

२७ सप्टेंबर १९२५ रोजी विजयादशमीस त्यांनी नागपुरात संघाची स्थापना केली. संघटनेचे नाव १९२६ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी मोहिते वाड्याच्या मैदानावर दैनंदिन शाखा सुरू झाली. खेळ, व्यायाम, दंडाचे शिक्षण, कवायत व प्रार्थना यांतून तरुणांना रोज एकत्र आणणे, ही त्यांची कार्यपद्धती होती. व्यक्तीऐवजी भगव्या ध्वजास गुरुस्थानी मानण्याची आणि गुरुपौर्णिमेस गुरुदक्षिणा अर्पण करण्याची प्रथा त्यांनी रूढ केली. १९२९ मध्ये ते सरसंघचालक झाले.

सविनय कायदेभंग

१९३० च्या आंदोलनात संघ संघटना म्हणून उतरला नाही. स्वयंसेवकांना व्यक्तिशः भाग घेण्याची मात्र मुभा होती. स्वतः हेडगेवारांनी सरसंघचालकपद तात्पुरते डॉ. लक्ष्मण वासुदेव परांजपे यांच्याकडे सोपवून यवतमाळ भागातील जंगल सत्याग्रहात भाग घेतला व अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली. या भूमिकेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. संघाने स्वातंत्र्यलढ्यापासून अंतर राखले व त्याच्या राष्ट्रकल्पनेत मुस्लिम व ख्रिस्ती नागरिकांना समान स्थान नव्हते, अशी टीका होते. समर्थकांच्या मते दैनंदिन राजकारणापासून अलिप्त राहिल्यामुळेच संघटना टिकून वाढली. १९३४ मध्ये काँग्रेसने आपल्या सदस्यांना संघाचे सदस्य होण्यास मनाई केली.

निधन व स्मारक

दीर्घ आजारानंतर २१ जून १९४० रोजी हेडगेवारांचे निधन झाले. त्यांच्यानंतर माधव सदाशिव गोळवलकर सरसंघचालक झाले. नागपुरातील रेशीमबाग येथे हेडगेवारांचे स्मृतिमंदिर आहे. भारतीय टपाल खात्याने १९९९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.