काळी-पांढरीच्या काठचे देव

दांडेलीहून जोयड्याच्या वाटेवर गणेशगुडी लागते. कन्नडमध्ये 'गुडी' म्हणजे देऊळ, तेव्हा गणेशगुडी म्हणजे गणपतीचे देऊळ. आपल्या मंडळातील बऱ्याच जणांना हे नाव माहीत आहे ते मात्र काळी नदीवरच्या १०१ मीटर उंचीच्या धरणामुळे, आणि हल्लीच्या तरुण मंडळींना तिथल्या राफ्टिंगमुळे. या धरणाला सुपा धरण म्हणतात. ज्या सुपा गावावरून ते नाव पडले, ते तालुक्याचे गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेरी जोयड्याला गेली, पण जनगणनेच्या कागदांत तालुक्याचे नाव २०११ पर्यंत 'सुपा' असेच राहिले. गाव बुडाले तरी नाव राहिले. त्या गावाचे आणि आसपासच्या डोंगरातील देव कुठे राहिले, याचा थोडा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

आम्ही मूळचे कुंभारवाड्याकडचे. जोयड्याहून अणशी घाटाने कारवारला उतरणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. बांधकामाचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, आता पंचेचाळिशी ओलांडली. आम्ही इतिहासकार नव्हे. पण रस्त्यांच्या मोजणीच्या निमित्ताने हा मुलूख पायाखालून गेला आहे, आणि घरच्या म्हाताऱ्यांकडून काही ऐकलेले आहे.

काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. तिला पांढरी नदी मिळते, त्या संगमावर सुपा वसले होते. मराठी माणसाच्या कानाला ही जोडी ओळखीची वाटेल. आपल्याकडे गावाची वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. दोन्ही मिळून गाव होते. इथे त्याच नावांच्या दोन नद्या मिळत होत्या. आज तो संगम जलाशयात आहे.

या डोंगरातील सर्वात प्रसिद्ध क्षेत्र उळवी. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, महात्मा बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली. बिज्जळ राजाच्या शेवटच्या काळात, ११६७-६८ च्या सुमारास, तिथे मोठा उत्पात झाला आणि शरणांना कल्याण सोडावे लागले. बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांसह या अरण्यात आले आणि उळवीला त्यांची समाधी झाली, अशी परंपरा आहे. देवळाच्या आसपासच्या रानात महामने गवी, आकळ गवी अशा गुहा दाखवतात. 'गवी' म्हणजे गुहा. माघ पौर्णिमेच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांचे तांडे अजूनही घाटवाटांनी येतात. कल्याणसारखी राजधानी सोडून आलेल्यांना आसरा मिळाला तो या जंगलात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी लाट आली ती पश्चिमेकडून. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केली. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. हे आपल्यापैकी ज्यांची कुलदैवते गोव्यात आहेत त्यांना सांगायला नको. मूर्ती आणि महाजन असलेल्या देवांचा इतिहास असा लिहिला गेला. पण त्याच काळात डोंगर चढून वर आलेल्या साध्या माणसांचा इतिहास कुणी लिहिला नाही. जोयड्याचे कुणबी आपले पूर्वज गोव्यातून आले असेच सांगतात. घाट त्यांना परका नव्हता. पुढे सोंद्याच्या राजांचे राज्यही घाटावर आणि घाटाखाली, काणकोण-सांगे भागापर्यंत पसरलेले होते. गोव्यात देवाचे काम करणाऱ्यांचे 'वेळीप' हे नाव इकडेही आडनाव म्हणून आढळते. चवथीला गणपतीवर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधायची रीतही घाटाच्या दोन्ही अंगांना सारखीच.

या माणसांचे देव कसे आहेत? अनमोड घाटाच्या पायथ्याशी, गोव्याच्या हद्दीत, तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ आहे. कदंबांच्या काळातले, काळ्या दगडाचे, कोरीव. ते जंगलात आड बाजूला असल्यामुळेच वाचले असे म्हणतात. त्याचे फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत. घाटाच्या वर मात्र तसे देऊळ शोधत गेलात तर निराश व्हाल. दांडेलीच्या रानातल्या कवळा गुहेत चुनखडीचे आपोआप घडलेले शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला लोक तिथे जातात. बाकी गावोगाव पाहाल तर एखादे वारूळ, जुन्या झाडाच्या बुंध्याशी मांडलेले दगड, भोवती कुऱ्हाड न लागलेली राई. छप्पर नाही, कळस नाही, शिलालेख तर नाहीच. वर्षातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घराने नारळ द्यायचा, पहिले भात दाखवायचे, एवढाच विधी.

आमच्या हातून घडलेली एक चूक इथे कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाडीच्या रस्त्याची आखणी आमच्याकडे होती. तक्त्यात एक रकाना होता, 'धार्मिक वास्तू'. आम्ही रांगेत झाडे पाहिली, दगड पाहिले, इमारत काही दिसली नाही. रकान्यात कन्नडमध्ये 'इल्ल', म्हणजे नाही, असे लिहून सही केली. चुना टाकायला गेलो तेव्हा एक म्हातारे कुणबी गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, "साहेब, हांगा देव आसा." आवाज चढवला नाही, अडवले नाही. आम्ही विचारले, "बाबा, देऊळ कुठे आहे?" ते झाडाकडे बघत म्हणाले, "देऊळ ना. देव आसा." आम्ही त्याच मातीतले, लहानपणी आजीबरोबर अशाच जागी नारळ घेऊन गेलेले, तरी कागदावर 'इल्ल' लिहून मोकळे झालो होतो. वरिष्ठांना सांगून रस्ता थोडा वळवून घेतला. रस्ता वळला, पण कागदावरचा तो शब्द आजही तसाच असेल.

आता सुप्याकडे या. १९८० च्या दशकात धरण भरले. सुप्याची आणि काळीकाठच्या गावांची माणसे उठली. त्यांतील बरीच रामनगरला वसली. मूर्ती असेल तर तिला उचलता येते, पालखीत घालून नव्या जागी बसवता येते. वारूळ कसे उचलणार? राई कशी हलवणार? कागदावर घरांचा हिशेब झाला, शेतांचा झाला, मोजता येणाऱ्या झाडांचा झाला. ज्या जागेला 'इल्ल' लिहिले गेले तिचा हिशेब होत नाही. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात, आणि जुनी माणसे काठावर उभी राहून नातवंडांना बोटाने दाखवतात, इथे बाजार, इथे आपले घर.

पाण्यानंतर आता जंगलाची पाळी आहे. अणशी १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. जंगल राहिले पाहिजे, वाघ राहिला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. ज्या राया आज दाट दिसतात त्या देवाच्या भयानेच टिकल्या. पण आतल्या वाड्यांतील काही कुटुंबे मोबदला घेऊन बाहेर पडत आहेत. शाळा, दवाखाना, रस्ता हवा म्हणून पडत आहेत. त्यांना दोष देता येणार नाही. शेवटचे घर उठले की त्या जागी नारळ देणारा कोणी राहत नाही. झाड राहील, दगड राहील. तो देव होता हे सांगणारा राहणार नाही. एके काळी कल्याणहून आणि गोव्याहून आलेल्यांना ज्या मुलुखाने देवासह आसरा दिला, तिथून आता माणसे देव मागे ठेवून निघाली आहेत.

आपण या गावांपासून दूर, दोन-तीन पिढ्या शहरात स्थिरावलेली माणसे. कुणाचे आजोबा दांडेलीच्या कागद कारखान्यात आले, कुणाचे कॅसलरॉकच्या रेल्वेत, कुणी सुप्याच्या शाळेत मराठी शिकवले. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या घरांतल्या ज्येष्ठांना आमची विनंती आहे. गणपतीच्या या दिवसांत सगळे घरी जमतात, तेव्हा एका वहीत एवढेच लिहून ठेवा: गावाचे नाव, देवाची जागा, कुठले झाड, वारूळ की दगड, मान कुठल्या घराण्याचा, दिवस कोणता, आणि तिथे जाणारा आता कोणी आहे का. देवाचे नाव आठवत नसेल तर जागा लिहा.

विसर्जन करून येताना आपण रिकाम्या पाटावर नदीची मूठभर वाळू घेऊन परततो. सुप्याच्या लोकांना तेवढीही वेळ मिळाली होती की नाही, हे त्यांनाच विचारायला हवे, आणि ज्यांना विचारता येईल अशी माणसे आता थोडी उरली आहेत. वही भरली की मंडळात आणून द्या. कुंभारवाड्याच्या बाजूची पाने आम्ही लिहायला घेतली आहेत. पहिल्या पानावर त्या वाडीच्या झाडाची जागा लिहिली आहे, आणि पुढे 'देव आहे' असे लिहिले आहे.