श्वास आणि नाडी : संकट ओळखण्यापुरते शरीरशास्त्र

लोणखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार) : छातीत दुखू लागले, धाप लागली, घाम फुटला, की 'पित्त झाले असेल', 'जरा पडून राहा' असा सल्ला घराघरांतून दिला जातो. त्यात दवडलेली मिनिटे अनेकदा रुग्णाच्या जिवावर बेततात. शहादा शहराला लागून असलेल्या लोणखेड्याहून दवाखाना फार दूर नाही. मात्र याच जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांच्या दुर्गम पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागल्याची उदाहरणे आहेत. अंतर कितीही असो, संकट प्रथम ओळखावे लागते ते घरच्यांनाच. त्यासाठी श्वसन व रक्ताभिसरण या दोन संस्थांची तोंडओळख पुरेशी ठरते.

साखळीच्या चार कड्या

नाकातून घेतलेली हवा घशातून श्वासनलिकेत आणि तिच्या दोन शाखांतून फुप्फुसांत जाते. तेथील कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. या ठिकाणी रक्त प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हृदयाची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठविते, तर डावी बाजू शुद्ध रक्त सर्व शरीराला पुरविते. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त खेळविते. रक्ताचे हे चक्राकार भ्रमण विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये मांडले.

हवेचा मार्ग, श्वासाचा भाता, हृदयाचा पंप आणि प्राणवायू वाहणारे रक्त अशा या चार कड्या होत. त्यांपैकी एकही तुटली, तरी मेंदूला प्राणवायू मिळत नाही. हा पुरवठा पूर्ण थांबल्यास ४ ते ६ मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते.

मार्ग अडला तर

जेवताना घास अडकलेली व्यक्ती गळा धरते. तिला बोलता किंवा खोकता येत नाही. जोवर खोकला येत आहे, तोवर तिला खोकू द्यावे. आवाजच बंद झाल्यास तिला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताने ५ थापा माराव्यात. तेवढ्याने घास न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने ५ झटके द्यावेत. एक वर्षाखालील बालकाचे पोट मात्र कधीही दाबू नये.

भाता थकला तर

बरगड्यांमधील स्नायू आणि छाती-पोटामधील श्वासपटल हा श्वासाचा भाता आहे. स्वस्थ प्रौढ मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ३० च्या पुढचा आकडा धोक्याचा समजावा. दोन महिन्यांखालील बालकात ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन होय. बालक शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे ही गंभीर लक्षणे आहेत.

मण्यार चावल्यावर फुप्फुसे निरोगी असूनही श्वास थांबू शकतो, कारण विषाने भात्याचे स्नायूच लुळे पडतात. दंश अनेकदा दुखतही नाही. पापण्या जड होऊन मिटू लागणे ही त्याची आगाऊ सूचना असते.

पंप अडखळला तर

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद झाली, की हृदयविकाराचा झटका येतो. छातीच्या मध्यभागी दडपण, डावा हात वा जबड्याकडे जाणारी कळ, घाम आणि मळमळ ही त्याची परिचित लक्षणे. स्त्रिया व मधुमेही रुग्णांत मात्र केवळ धाप किंवा कमालीचा थकवाही दिसू शकतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते. विश्रांतीत ती मिनिटाला ६० ते १०० असते.

रक्तच दगा देते तेव्हा

ही चौथी कडी सहसा विसरली जाते. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा आदी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजारात लवचिक, गोल लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते आणि बारीक वाहिन्या तुंबतात. हे फुप्फुसात घडल्यास ताप, छातीत दुखणे, खोकला व धाप अशी लक्षणे दिसतात. सिकलसेलच्या रुग्णात ही लक्षणे 'साधी सर्दी' समजून अंगावर काढणे प्राणघातक ठरू शकते. मूल अचानक पांढरे फटक पडून त्याचे पोट डाव्या बाजूला फुगले, तर प्लीहेत रक्त साठल्याची शंका घ्यावी. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी रक्तचाचणी महत्त्वाची. या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी झाला.

हे लक्षात ठेवा

* रुग्ण हाकेला ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा केवळ आचके येत असतील, तर नाडी शोधण्यात वेळ न घालवता छातीदाब सुरू करावा : छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२०, प्रौढात किमान ५ सेंटिमीटर खोल.
* रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही मोफत सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली.
* बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. धाप लागलेल्यास आडवे न झोपवता टेकवून बसवावे.
* सिकलसेलचे कार्ड, सुरू असलेली औषधे व जुने अहवाल रुग्णासोबत न्यावेत.
* सर्पदंशात चिरा देणे, आवळून बांधणे वा मांत्रिकाकडे जाणे टाळावे. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे.